सोलकर मिस्त्री, मुहर्रक

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
असा उभा राहायचा शमसुद्दीन सोलकर, दाभोळचा.
"तिसऱ्याला खोकला झालाय," म्हणायचा.
मी पाने पुसणारा पोर. उघडून बघितलं की
तिसराच निघायचा.

गलबतात पहिलं डिझेल बसलं त्या दिवसापासून
शिडं शिवणारा जुमा त्याच्याशी बोलेनासा झाला.
भर समुद्राच्या तोंडावर गॅस्केट फाटलं, तेव्हा
सोलकर त्याच्याच दारात गेला,
जुन्या शिडाचा तुकडा मागायला.
जुमानं माप घेतलं. कापलं. शेंदूर चोपडून दिला.
पैसे नाहीत, शब्द नाही.

आता मिस्त्रीला काहीच ऐकू येत नाही.
लाँच सुटली की धक्क्याच्या दगडावर तळवा टेकतो,
आणि शेजारी बसलेल्या जुमाला
बोटं दाखवतो:
तीन.