दाब, धर, सोड

नांदुरीच्या घाटात, गडावरून उतरताना
पेडल मऊ लागलं,
जुन्या उशीवर पाय पडावा तसं.
मागच्या सीटवर लसींचा डबा, त्यात बर्फ.
गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत
कठड्यावरच्या माकडांसमोर थांबले.
त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नाशकात गॅरेजांना तोटा नाही.
द्वारकेला आहेत, वडाळा नाक्याला रज्जाकभाई आहेत
ज्यांच्याकडे गाडी दिली की चहाही मिळतो.
मी पाथर्डी फाट्याला गेले,
निवृत्तीकडे.
तीन भाऊबिजा झाल्या होत्या बोलून.
मध्ये एक कागद होता, हक्कसोड,
पाच गुंठ्यांचा, विहिरीतल्या हिश्श्यासकट.
त्याने टाइप करून आणला होता. मी पेन घेतलं नाही.

तो गाडीशी बोलला.
हातोड्याने ड्रमच्या कडेला ठोकत, फिरवत, ठोकत.
ड्रम निघाला आणि आतून
काळी भुकटी सांडली, माझ्या पांढऱ्या चपलांवर.
आत दोन अर्धे चंद्र, झिजून पत्रा झालेले,
स्प्रिंगांनी एकमेकांना बांधलेले,
आणि सिलिंडरमधून पाझरलेलं ऑइल,
किती दिवसांचं कोण जाणे.
"बाहेरून कळत नाही," तो म्हणाला. ड्रमकडे बघत.

डिस्क टाकायची, हे मी ठरवलं.
"मागचं चाक पाव हिश्श्याचंच थांबवतं,
उगा खर्च," तो म्हणाला. चाकाकडे बघत.
म्हटलं, पाव तर पाव. माझा आहे ना.
त्यावर तो जरा थांबला, मग पाना शोधायला गेला.

कॅलिपर भंगारातले, मोठ्या गाडीचे,
हँडब्रेकची कडी असलेले, तेच हवे होते.
ब्रॅकेट अंबडला लेथवाल्याकडून,
दहा एमएम पत्र्यातून कापून आणलं.
भोक अर्ध्या मिलीने चुकलं,
परत अंबड. परत आला तेव्हा
बाहीवर लोखंडाचा कीस चमकत होता
आणि हातात दोन वडापाव. एक त्याने बोनेटवर ठेवला.
कुणासाठी, ते सांगितलं नाही.

हवा काढायचं काम एकट्याने होत नाही.
पोऱ्या गावी गेलेला, घोटीला.
"बस," तो म्हणाला, आणि गाडीखाली गेला.
लांबचं चाक आधी.

दाब.
धर.
(पाय खाली जात राहतो, जमिनीपर्यंत,
हे धरणं कसलं, म्हणून भीती वाटते)
सोड.

दाब. धर. सोड.
आरशातून दिसत होती पारदर्शक नळी,
बिसलेरीच्या बाटलीत सोडलेली,
आणि तिच्यातून बुडबुडे.
सलाईन लावताना हेच करते मी रोज,
नखाने टिचकी मारून, रुग्णाशी काहीतरी बोलत.
इथे बोलायचं कुणी?
दाब. धर.
तीन वर्षांत इतके शब्द झाले नव्हते आमच्यात,
आणि त्यातला तिसरा
दर वेळी कानाला टोचत होता.
सोड, म्हणायचा,
आणि मी सोडायचे.
पंधराव्या की सोळाव्या वेळी पेडल पायाखाली
दगडासारखं उभं राहिलं.
"आलं," मी म्हटलं.
गाडीखालून "हं" आला.

रात्री कंपन्यांमधल्या रिकाम्या रस्त्यावर
त्याने साठवरून जोरात ब्रेक मारला.
मागची चाकं आधी धरली, शेपूट सरकलं,
दिव्याचा खांब खिडकीसमोरून गेला.
उतरून, मोबाइलच्या उजेडात
तो व्हॉल्व्ह फिरवत बसला, एकेक आटा.
"मागच्यानं आधी धरलं की गाडी फिरते."
कुणाला म्हणाला,
मी विचारलं नाही. चौथ्या वेळी सरळ थांबली.

बिल वहीच्या पानावर.
कॅलिपर, डिस्क, ब्रॅकेट, पाइप, ऑइल.
मजुरीपुढे नुसती रेघ.
गाडी घाटात उभी केली की अजून मी ती रेघ काढून बघते,
माफीची आहे
का इसाराची.

जुने ड्रम डिकीत आहेत.
वळणावर एकमेकांना आपटतात.