गाठ

चोडणहून पहिली फेरी सुटते तेव्हा
माझ्या टोपलीत सुंगटं अजून उडत असतात
आणि ओच्यात शंभर पिशव्या.
शंभर! एका मुठीत मावतात. वजन म्हणावं तर
सुंगटाच्या मिशीएवढं.

आई सागाच्या पानात बांधून द्यायची.
लोक हल्ली त्या पानांच्या आठवणी काढतात.
मी जायची तिच्याबरोबर पानं काढायला, काळोखात,
बोटं लाल, मानेवर मुंग्या,
आणि गिऱ्हाइकं तेव्हा होती तीस.
आज पणजीला पानं पुरवायची तर
सगळी सत्तरी ओरबाडून आणावी लागेल.

एर्मेलिंदबाय, निवृत्त टीचर, कापडी पिशवी आणते.
पांढरी, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेला मासा.
एकदा बसमध्ये सुंगटांचं पाणी ठिबकलं
कुणा वकिलाच्या बुटावर.
तेव्हापासून ती कापडीच्या आत माझी प्लास्टिकची घालून नेते
आणि वळून बघते, कुणी पाहिलं का.
कापडी रोज धुते म्हणाली, दोन बादल्या, मूठभर सोडा.
ते पाणी कुठे जातं, मी विचारलं नाही.
आमच्याकडेच येतं.

खोटं कशाला बोलू?
चवथीच्या आदल्या रात्री घरात पाणी शिरलं
तेव्हा जमिनीचे कागद
कुठल्याशा कापडदुकानाच्या पिवळ्या पिशवीत होते.
कोरडे निघाले.
ती पिशवी अजून आहे. तिला घरात कुणी नावं ठेवत नाही.

माझा भाऊ शाबलो मानशीचा राखणदार.
खाजनाच्या बांधात लाकडाची दोन दारं,
भरतीला मिटतात, सुकतीला उघडतात.
माणसाने ढकलायची नसतात, नदीच ढकलते.
खापरपणज्यापासून असंच.
त्या पुनवेला मिटली नाहीत.

रात्रभर खारं पाणी भातात.
कोरगुट खार सोसतं,
पण गळ्यापर्यंत नाही.

उजाडताना शाबलो फटीत खांद्यापर्यंत हात घालून
ओढत होता: काळं, बुळबुळीत, एकात एक गुंतलेलं,
नदीच्या केसांत झालेली जट.
मी बांधावर बसून एकेक सोडवत राहिले.
कशाला, ते माहीत नाही. हाताला सवय असते.
दुधाची. फरसाणाची. औषधाच्या दुकानाची, फोन नंबर अजून वाचता येईल अशी.
एकीत कुर्लीचं पिल्लू, आतून बाहेर बघणारं,
खिडकीत बसल्यासारखं.

आणि मग ती.
बूड फाटलेलं, अंग गेलेलं, उरलेली नुसती गाठ.
दोन्ही कान उलटे, एक वेढा जास्त,
टोक आत खोचलेलं.
अख्ख्या बाजारात अशी गाठ दुसरी कुणी मारत नाही.
आईची आहे ती. सागाच्या पानावर
केळीच्या वाखाने मारायची.
पान कुजायचं, वाख कुजायचा,
गाठ कुणी सोडवायला लागत नव्हती.

शाबलोला दाखवली नाही.
तो म्हणाला, लोकांना अक्कल नाही.
मी म्हटलं, नाही.

शुक्रवारी ऑफिसातला एक पोरगा आला,
गळ्यात ओळखपत्र, हात मोकळे. अर्धा किलो.
पिशवी? नाही आणली.
मग काय ओंजळीत घालू त्याच्या?
पिशवीत घातली. गाठ मारली.
पुढे केली, पण बोटं सुटेनात.
ही परत घेऊन ये, म्हटलं,
माझी गाठ मी कुठेही ओळखते.

तो हसला.
त्याला वाटलं, गिऱ्हाईक जोडतेय.