अनेरकाठची साडेतीन एकर

सातबाऱ्यावर माणसाचं नाव नाही,
न्यास आहे.
तलाठी दोनदा विचारून गेला,
‘वारस कोण लावू?’
दगुबाई म्हणाली, जेवायला बसलेत तेवढे मोज.

सतरा होते त्या दिवशी.
आईबाप उसाला, बारडोलीकडे.
थाळ्यांत कळण्याची भाकरी, ठेचा
नि याच वावरातली केळी, डागाळलेली,
व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली.

विकायची नाही, गहाण नाही, वाटणी नाही,
ठरावाखाली अख्ख्या गावाचे अंगठे.
पण ठराव कोण वाचतो?

रुमाल्या पावरा, दुसरीतला,
बांधावर उभा राहून लघवी करतो
आणि मोजणीवाल्यालाही नसते एवढ्या खात्रीनं
काल आलेल्या पोराला सांगतो,
तो निंब दिसतो ना,
तिथपर्यंत आपलं.