पुढील सूचना मिळेपर्यंत

ऑक्टोबर, दोन हजार आठ.
तोक्यो उघडतं तेव्हा मी दूध तापवत असते.
हाँगकाँग, ह्यांच्या आंघोळीला.
लंडनला पानं वाढलेली,
आणि न्यूयॉर्क बरोबर सातला,
निरांजन लावायच्या वेळी.
पूर्वी मला एकच वेळ पाठ होती:
साडेदहा ते अडीच, शनिवारी साडेबारा.
आता सूर्य फिरतो तशी मी घाबरते,
पूर्वेकडून पश्चिमेकडे, क्रमाने.

सव्वीस वर्षं सहकारी बँकेत
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
निवृत्तीचे पैसे आले तेव्हा निहाल ओस्तवाल म्हणाला,
काकू, सगळी अंडी एका टोपलीत नकोत.
तो जैन, मी चातुर्मास पाळणारी,
तरी टोपली दोघांनाही पटली.
चार लाख. जर्मनी, जपान, अमेरिका,
ज्या देशांची मी तिकिटंसुद्धा कधी जमवली नव्हती.

आज दोन लाख सदतीस हजार.
बाकीचे गेले कुठे, कुणी सांगत नाही.
आमच्या बँकेत दहाची नोट कमी भरली
तर रात्री नऊपर्यंत कुलूप लागत नसे.

ह्यांचं भोसरीला वर्कशॉप.
चार लेथ, एक मिलिंग, आणि शफीक,
जो नखानं चाचपून सांगतो, अजून एक घास काढायला हवा.
दिवाळीच्या तोंडावर स्टुटगार्टहून पत्र आलं.
चारशे बारा बुश, तयार,
तेल लावून बटरपेपरात गुंडाळलेले,
तूर्त पाठवू नयेत. पुढील सूचना मिळेपर्यंत.
ह्यांनी पत्र दोनदा वाचलं
आणि म्हणाले, भाषा सभ्य आहे.
शफीकला शनिवारी सुट्टी दिली.
मग शुक्रवारीही.

त्याच आठवड्यात फंडाचं पत्रक आलं.
मी कधी वाचत नाही. त्या दिवशी वाचलं,
कारण टीव्ही बघवत नव्हता.
मुंगीएवढ्या अक्षरांत कंपन्यांची यादी,
सातवं नाव: तीच.
एक पूर्णांक आठ टक्के.
पाकिटाच्या मागे पेन्सिलनं हिशोब केला.
चार हजार दोनशे सहासष्ट रुपयांपुरती
मी तिची मालकीण.

ह्यांना दाखवलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"म्हणजे तूच मला नाही म्हणालीस की."
पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.
मला जरा वेळ लागला.

ओस्तवालचा फोन: काकू, लक्ष्मी रोडला सेल लागावा तसं झालंय,
आत्ताच घ्यायचं, लोक रडत विकतायत.
मुलगा खोटं बोलत नाही.
पण सेलमधली साडी मी उलटून बघते,
कुठे काय उसवलंय म्हणून.
ह्या स्वस्ताईत शफीकचे दोन शनिवार आहेत,
आणि स्टुटगार्टातही
कुणाच्या तरी डब्याला सुट्टी असेल.

एकदा आमच्या बँकेबद्दल अफवा उठली होती.
कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत रांग.
मॅनेजर म्हणाले, खिडकी बंद करायची नाही,
फक्त सावकाश मोजा.
मी प्रत्येक बंडल दोनदा मोजून दिलं,
थुंकी न लावता, स्पंजवर बोट टेकवून.
चारनंतर लोक घड्याळं बघायला लागले,
कुणाला मुलं आणायची होती, कुणाला दळण.
एका म्हाताऱ्यांनी तर काढलेले पैसे
दुसऱ्या खिडकीवर परत भरले.

ते आठवलं म्हणून असेल,
नाहीतर दुसरं काही सुचलं नाही म्हणून,
महिना तीन हजारांच्या फॉर्मवर मी सही केली.
शहाणपण म्हणू नका. धीटपणा तर मुळीच नाही.

पंखा चालू होता. कागद उडू नये
म्हणून त्यावर एक बुश ठेवला, चारशे बारातला.
जड, गार, आरपार भोक.
उचलला तर सहीशेजारी तेलाचा गोल डाग.
ओस्तवाल नवा फॉर्म भरायला लावणार.

"आता चारशे अकराच उरले," मी म्हटलं, "चालतील?"
"मालकीण तू आहेस," हे म्हणाले.

सव्वासात झाले होते.
निरांजन लावायचं राहूनच गेलं.