आटणी धरून

सोमवार. उद्यमनगर बंद.
शेजारच्या फौंड्रीचा ब्लोअरही झोपलाय,
म्हणून आज डिस्कची कुरकुर ऐकू येते,
जुनीची, अडीचशे जीबीच्या.
अठ्ठ्याण्णव टक्के. बाचक्याचं तोंड बांधायला
दोर पुरू नये, तशी.

नवी दोन टेराबाइटची.
विराज लोहारनं स्टेशन रोडवरनं आणली
भडंगाच्या पुड्याबरोबर एकाच पिशवीत.
"तेल लागंल की रे तिला."
"पुडा वर ठेवलाय, मॅडम."
वरचं तेल खालीच येतं,
पण असू दे. पोरगं एकोणीसचं,
महिना झाला कामाला लागून.

आज होम हलवायचं.
हे होम म्हणजे ज्याचं त्याचं काम ठेवायची जागा.
समिधा नाहीत, भटजी नाही,
स्वाहा मात्र होतं, एक ओळ चुकली की.
सगळ्यांनी लॉगआउट करून बाहेर थांबायचं.
आत एकटा रूट.

काळ्या पडद्यावरून नावं पळू लागली.
गुऱ्हाळाच्या चरकाचा रोलर.
पंपाचं व्होल्यूट.
इचलकरंजीच्या मागाचं गिअर, शेवटचं.
मागाचं गिअर, शेवटचं दोन.
मागाचं गिअर, खरंच शेवटचं.
दस्तगीरची सवय.

दस्तगीर शिकलगार.
पॅटर्नचं ड्रॉइंग त्यानं काढायचं, हिशेब मी बघायचा,
अर्धी अर्धी भागी, एक टेबल, दोन खुर्च्या.
लिनक्स त्यानंच बसवलं.
"फुकट हाय, आणि कुणाच्या बापाला विचारायला नगो."
मग शारजाला गेला. भांडण नाही,
पैसे तिकडं जास्त होते, एवढंच.
दोन वर्षांनी मी त्याचं खातं पुसलं.
फायली ठेवल्या.

कॉपी झाली. तपासायला बसलो.
विराज स्क्रीनला नाक लावून:
"मॅडम, ह्यो रोलर माझ्या नावावर कसा?
दोन हजार बारा लिवलंय.
मी पयलीत हुतो."

खरंच. एकूण एक फाईल
मालक: विराज.

मशीनला माणसाचं नाव माहीत नसतं, नंबर असतो.
मी एक हजार. दस्तगीर एक हजार एक.
तो पुसला, नंबर मोकळा झाला,
पुढं जो आला त्याला मिळाला.
मी काही ठरवलं नव्हतं.
बारा वर्षांची मापं गुपचूप
एका पोराच्या नावावर चढली,
तलाठी नाही, फेरफार नाही.

एका आज्ञेत बदलता येतं.
बोटं ठेवली कीबोर्डवर. आणि मग
कुणाच्या नावानं बदलू, हे सुचेना.

"उघड तो रोलर," म्हटलं.
त्यानं उघडला, गिऱ्हाइकाच्या कागदाशी ताडून पाहिला.
"माप चुकलंय त्येंचं. तीनशे पायजे,
हितं तीनशे तीन हाय."
"चुकलं नाही. लोखंड गार होताना आटतं,
शंभराला एक. पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा.
आटणी धरून."
मी हे हिशेबाच्या खुर्चीतून
इतक्यांदा ऐकलंय, की आवाजही
थोडा त्याचाच निघाला.

मग नव्या डिस्कचा लांबलचक नंबर,
तिचं आधार कार्डच म्हणा,
यादीत लिहिला. तीनदा वाचला.
विराजनं चौथ्यांदा. रीस्टार्ट.

उठलं.
नव्या होममध्ये तेरा टक्के, एवढी मोकळी जागा
की बघून अंगावर आली.
जुन्या डिस्कवर मात्र अजून अठ्ठ्याण्णव.
"गेलं न्हाई व्हय तिथनं?"
नाही रे. कॉपी केली, उचललं नाही.
जुनं होम आहे तिथंच आहे,
त्याच्यावर नवं बसवलंय,
म्हणून खालचं दिसत नाही.
जागा अडवतं फक्त.

"पुसू?"
भडंग संपत आलं होतं.
तळाला लसणाच्या तळलेल्या पाकळ्या.
म्हटलं, आठ दिवस राहू दे.

तो रोलर पुन्हा उघडून बसला,
कुठंतरी अर्धा मिलिमीटर हलवला,
आणि सेव्ह करताना नाव विचारलं.
मी काही बोलले नाही.
त्यानं स्वतःच टाइप केलं:
चरकाचा रोलर, शेवटचं.