चॅनल बारा, कुटबण

सोसायटीच्या खोलीत एक टेबल, एक सेट,
पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात:
आधी ऐका. मग बटण दाबा.
बोलून झाले की बोट काढा.

चाळीस ट्रॉलर, आणि हवेतली वाट एकच.
दोघांनी एकदम तोंड उघडले
की दोघांचेही शब्द बुडतात,
उरते पत्र्यावर विळा ओढल्यासारखी किर्र.
मग दोघेही थांबतात, भल्या माणसांसारखे,
सारखेच थांबतात,
आणि पुन्हा एकदमच बोलतात.
म्हणून मी मोजणी वाटून दिली:
सांतानने तीनपर्यंत मोजायचे, शाबा पागीने सातपर्यंत.
सातच का म्हणून, शाबा कुरकुरला.
उद्या उलट, म्हटले.

नोव्हेंबरात एकदा, रात्री दोनच्या पुढे,
कुणाचे तरी बटण अडकले.
बारावर नुसते इंजिन,
त्यामागे खोकला.
मिंगेल. खोकल्यावरून ओळखला.
आता कुणालाच बोलता येईना;
मीही दाबून पाहिले, भिंतीला सांगितल्यासारखे.
तो सुकाणूपाशी स्वतःशीच बोलत होता:
"बेतूलचो दिवो आतां म्हाका दोन दिसता.
खंयचो खरो?"
मग बराच वेळ इंजिन.
मग, "मालकाक कळ्ळें जाल्यार…"

वीस-बावीस मिनिटे.
शेवटी कुणीतरी होडी जवळ नेऊन
त्याच्या काचेवर बांगडा फेकून मारला.
बटण सुटले.

वाट मोकळी. आणि कुणी घेईना.
तीन झाले, सात झाले,
मी साठपर्यंत मोजले.
मग शाबा: "बाय, आज बांगड्याचा भाव काय गो?"

पहाटे साळच्या तोंडाशी ओहोटी होती.
वाळूच्या दांड्यामधून एका वेळी एकच होडी जाते;
एरवी भोंगे, शिव्या, नाळेला नाळ.
त्या दिवशी सगळ्या थांबून राहिल्या.
सांतान पुढे झाला,
उजाडले होते तरी मागचा दिवा पेटता ठेवून,
हळू,
आणि त्या दिव्यामागून मिंगेल.

दुपारी तो माईक घेऊन आला.
"स्प्रिंग गेली," म्हणाला,
माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत.
"रात्री काही ऐकू आलं?"
मी स्क्रू काढत होते.
"इंजिन," म्हटले. "नुसतं इंजिन."

दुरुस्त करून कागदात गुंडाळून दिला.
कागदावर मडगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरचे वार होते,
अक्षर जरा मोठेच काढलेले.