मधले सेकंद

हेळवाकच्या वरच्या अंगाला कातळात बसवलेली खोली.
दाराला आत आणखी एक दार.
मग ढोल, सावकाश फिरणारा,
ढोलावर काजळी धरलेला कागद
आणि सुई, केसाएवढी पांढरी वाट काढत निघालेली.

हिंदुराव पहिल्या दिवशी म्हणाले,
चप्पल बाहेर. दार आपटू नकोस.
हिला घाटातली एसटी कळते,
तुझा खोकलाही कळेल.

मग त्यांनी एक जुना कागद उलगडला, लाखेत बुडवून वाळवलेला.
"हे बघ. आधी ही येते, ढकलत, घाईनं.
वऱ्हाडाच्या पुढं पळत आलेलं पोर असतं ना,
आले, आले, म्हणत. तशी.
मागून ही, आडवी हलवत. भिंती पाडते ती हीच.
पोर आणि वऱ्हाड, यांच्यामधला वेळ मोज.
गाव किती लांब, ते कळतं."

तीन सेकंद.
आठानं गुणलं. चोवीस किलोमीटर.
कुठल्या अंगाला?
"ते एकट्या ठाण्याला कळत नसतं."

आणखी दोन ठाणी लागतात,
आणखी दोन माणसं, आपापल्या खोलीत जागी.
नकाशावर तीन वर्तुळं,
कंपासच्या टोकानं कागदाला भोकं पडलेली.
त्या दिवशी ती एकमेकांना भेटली
बमाबाई झोरेंच्या नाचणीत.

गेलो बघायला. नाचणी होती तशीच उभी.
बमाबाईंनी विचारलं, खाली किती?
नऊ किलोमीटर.
"मग माझं वावर कशाला म्हणता?
माझं फाळ जातो तेवढंच."

त्यांची मोजणी वेगळी.
उतरंडीवरची झाकणी वाजली तर त्या कूससुद्धा बदलत नाहीत.
फळीवरच्या पितळ्या वाजल्या, तर पोरांना अंगणात काढतात.
उतरंडच कोसळली ती एकदा. सदुसष्टला.
हिंदुरावांनी वहीच्या समासात लिहिलं:
झाकणी, दोन. पितळ्या, साडेतीन.
उतरंड,
आणि पुढं जागा सोडली.

परतताना ओढ्यापाशी बिडी पेटवली, ओढली नाही.
त्या पहाटे ते अठराचे होते. घर कोयनेच्या काठाला.
पहिला दणका दारावर कुणी थाप मारावी तसा.
आई उठून बसली. म्हणाली, कोण?
"दीड सेकंद," हिंदुराव म्हणाले,
"नंतर मी कितीदा तरी हिशेब केला.
दीड सेकंदात तेवढंच म्हणून होतं."

रोज सकाळी आठला कागद बदलायचा.
बदलणाऱ्याची पावलं शेवटच्या ओळीत उमटतात,
बारीक, दाटीवाटीनं.
त्यावर पेन्सिलीनं 'मानवी' लिहायचं
आणि हिशेबातून काढून टाकायचं.

हिंदुराव निवृत्त झाले त्या सकाळी
कागद त्यांनीच बदलला.
मी तो लाखेत बुडवला, दोरीवर वाळत घातला.
पेन्सिल खिशात होती.